नाव सांगून ये

"सविता, हे चार ठिपके इथं काय करतायत?" आल्हादसरांनी माझ्या पडद्यावर बोट टेकवून विचारलं. घडलं ते एवढंच. गुरुवारची सकाळ होती. गंगापूर रोडवरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर एसी हुडहुडी भरेल असा चालू होता, तरी माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. ठिपके माझेच होते. दोन विसर्ग एकमेकांना खेटून उभे राहावेत तसे, :: असे. डावीकडे एक नाव, उजवीकडे एक नाव आणि मध्ये हे. पण माझे म्हणजे तरी किती माझे? मी एक लांबलचक ओळ लिहायची, तिच्याशेजारी, ही आखूड करून देऊ का असं विचारणारा एडिटरचा पिवळा दिवा लागायचा, मी दोन बटणं दाबायची, की माझी ओळ आक्रसून तिथे हे ठिपके येऊन बसायचे. प्रोग्रॅम आधीसारखाच चालायचा. चालत्या गाडीला खीळ कशाला घाला, म्हणून मी कधी त्यांची चौकशी केली नाही. तीन वर्षं दिवा लागला की दाबत आले होते. सरांना मी म्हणाले, "सर, ते मेथड रेफरन्स आहे." ते म्हणाले, "नाव नाही विचारलं. करतं काय?" त्यांच्या आवाजात खोडी नव्हती, आणि त्यामुळेच मला जास्त लागलं.

आमची कंपनी लहान आहे, आठ जणांची. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळांसाठी आम्ही जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत सॉफ्टवेअर लिहितो. कुठल्या बागेतला नमुना आला, त्यावर कोणत्या चाचण्या झाल्या, तो योग्य की अयोग्य, हे सगळं. त्यातला एक मोठा भाग आता नव्याने लिहायचा होता, आणि सोमवारपासून प्रयोगशाळेच्या मोहिनीमॅडमना आणि त्यांच्या माणसांना तो कुणीतरी समजावून द्यायचा होता. जो समजावेल त्याच्याकडेच ते काम राहणार. सर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "शनिवारी तू आपल्या टीमला हे फंक्शनल इंटरफेस आणि मेथड रेफरन्स समजावून सांग. जमलं तर नवीन भाग तुझा. नाही जमलं तर जुनं आहेच, त्यात काही कमीपणा नाही." कमीपणा नाही असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा तो किती आहे हे त्याने आधीच बघून ठेवलेलं असतं. मी मान डोलावली. सर गेल्यावर मी ठिपक्यांकडे बघत बसले.

येतं आणि कळतं यातल्या फटीत मी बरीच वर्षं काढली आहेत. पॉलिटेक्निकला असताना व्याख्या पाठ असायच्या, परीक्षेत त्या घडाघडा उतरायच्या आणि मार्क पडायचे. होस्टेलवरच्या मुली विचारायच्या, कुठली गं तू? मी म्हणायची, घोटीची. घोटीला स्टेशन आहे, बाजारपेठ आहे, घोटी म्हटलं की माणूस पुढे विचारत नाही. घोटीपासून आत आठ किलोमीटरवर आमची वाडी आहे आणि तिथे मी गुडघाभर चिखलात भात लावते, हे मी गिळून टाकायची. खोटं बोलले नाही, फक्त आठ किलोमीटर कमी बोलले. पुढे नोकरीतही तेच झालं. फंक्शनल इंटरफेसची व्याख्या मला आजही झोपेतून उठवून विचारा. इंटरफेस म्हणजे करार, जो या जागी उभा राहील त्याला अमुक करता आलं पाहिजे असा. मेथड म्हणजे एक काम. ज्या करारात नेमकं एकच काम भरायचं राहिलेलं असतं तो फंक्शनल इंटरफेस. आणि मेथड रेफरन्स म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या कामाकडे त्याच्या नावाने बोट दाखवणं. पोपटही म्हणेल. पण एकच का, दोन का नाही? आणि बाकी सगळीकडे मेथडच्या नावापुढे कंस लागतो, मग इथेच का लागत नाही? एकदा मी हौसेने कंस लावून पाहिला होता. सगळी ओळ लाल झाली, आणि मी शाई सांडल्यासारखी घाईघाईने तो पुसून टाकला.

दुपारी डबा उघडला आणि पोळी न मोडताच झाकण लावलं. यशश्रीने विचारलं, "काय गं, बरं नाही का?" ती माझ्याच टीममधली, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, पंचवटीत भिक्षुकी करणाऱ्या उपाध्यांच्या घरची, बोलणं स्वच्छ आणि सरळ. मी म्हटलं, पित्त. तेवढ्यात आईचा फोन आला म्हणून जिन्यात गेले. जिन्यात खालच्या चष्म्याच्या दुकानातलं गाणं ऐकू येतं आणि रेंज बरी असते. आई म्हणाली, "सवे, उद्या देवरामनानाकडं आवनी हाय. आपल्या घरचं कोन येनार ते सांगायचंय. तुझा बा घोटीला कामाला गेलाय, दोन दिस नाय यायचा. माझा तर गुडघा धरलाय." आवणी म्हणजे भाताची रोपं उपटून खाचरात लावणं. जुलै होता, सगळीकडे तीच गडबड असणार. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, पण सूचना द्यायची सवय जात नाही. राजू माझा धाकटा भाऊ. मी सुरू केलं, "राजूला पाठव. त्याला म्हणावं सातला पोच. रोपांच्या मुठी आधी बांधावर नीट टाक, मग तीन-तीन चार-चार काड्या घे, अंगठ्याने दाब, ओळ सोडू नकोस, मागे मागे सरकत..." आईने मला मध्येच तोडलं. "अगं, राजू म्हन की नुसतं. त्याला का आवनी येत नाय? मी देवरामनानाला काय काड्या मोजून सांगू?" आणि तिने फोन ठेवला.

मी जिन्यातच उभी राहिले. राजू म्हन की नुसतं. खालचं गाणं संपून दुसरं लागलं. माझ्या लांबलचक ओळीच्या शेजारी आईने दिवा लावला होता, आणि बटणंही तिनेच दाबली होती. मी जे सांगत होते ते खोटं नव्हतं, सगळं खरंच तसंच करायचं असतं, पण ते राजूला आधीच येत होतं. जे आधीच कुणाला येतं ते पुन्हा उलगडून लिहायचं नसतं, त्याचं नाव घ्यायचं. इतकं सोपं. मला हसू आलं, आणि हसता हसता एक जुनी गोष्ट वर आली. ती मी नाशिकात कुणालाही सांगितलेली नव्हती.

आमच्याकडे आवणी एका घराने उरकत नाही. आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या, अशी सावड असते. ज्याच्याकडे आवणी तो आदल्या दिवशी घरोघर विचारतो, तुमच्या घरचं कोण? घराने एक नाव द्यायचं. मी अकरा वर्षांची होते, आई रोपं काढत होती, आणि ती मान वर न करता म्हणाली, "जा, देवरामनानांच्या घरी नाव सांगून ये. तुझंच सांग यंदा." माझंच. तोवर मी पाण्याची कळशी नेणारी होते, धाकट्याला सांभाळणारी होते. त्या दिवशी पहिल्यांदा मी एक अख्खं माणूस म्हणून धरली गेले. मी पळतच सुटले. वाटेत नानांचं खाचर लागलं. बांधावर मुठी रचून ठेवलेल्या, आजूबाजूला कुणी नाही, पाण्यात ढग उतरलेले. मला दम निघेना. फ्रॉक खोचला आणि उतरले. पायाच्या बोटांमधून चिखल वर आला, त्याचा गारवा मला या क्षणीसुद्धा आठवतो. एक ओळ लावली, दोन लावल्या, आठ लावल्या. कंबर मोडली तेव्हा घरी गेले आणि आईला सांगितलं, झालं. आई म्हणाली, काय झालं?

दुसऱ्या दिवशी सकाळी देवरामनाना बैल घेऊन चिखलणीला आले, म्हणजे लावण्याआधी खाचर पुन्हा एकदा घोळून घ्यायला, तर त्यांच्या खाचराच्या मधोमध माझ्या आठ ओळी उभ्या. औत फिरवायचं तर रोपं उपटा, रोपं ठेवायची तर औत थांबवा. शिवाय आमच्या घरून नाव आलं नव्हतं म्हणून त्यांनी शेजारच्या मंगळूच्या घरून दोन माणसं बोलावून ठेवली होती. नाना रागावतील म्हणून मी आईच्या मागे लपले. ते बांधावर बसून इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग म्हणाले, "अगं बये, मला तुझं नाव पायजे व्हतं. आवनी मी सांगन तव्हा." अक्काबाईंनी, त्यांच्या बायकोने, मला भाकरी दिली आणि माझीच रोपं मला उपटायला लावली. मंगळू अजून कुणाच्या लग्नात भेटला की विचारतो, काय सवे, झाली का आवनी? मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. घोटीच्या पलीकडचे ते आठ किलोमीटर मी गिळले त्यात ही गोष्टही होती.

आणि आता जिन्यात मी एकटी हसत होते आणि वर येणारा कुरिअरवाला बाजूला होऊन माझ्याकडे बघत होता. कंस म्हणजे माझ्या त्या आठ ओळी. नावापुढे कंस लावला की काम आत्ता होतं, इथे होतं, मी करून मोकळी होते. आणि पुढच्याला ते आत्ता नकोच असतं. आमच्या प्रोग्रॅममधल्या त्या ओळीत नमुन्यांची यादी म्हणते की मला कुणीतरी द्या, जो एक नमुना हातात घेईल आणि योग्य की अयोग्य ते सांगेल. मी कंस लावून दिला, म्हणजे नमुना यायच्या आधीच चिखलात उतरले. यादीला माझी आवणी नको आहे, नाव हवं आहे. नमुने आले की ती एकेक नमुना घेऊन त्या नावाला हाक मारील, तिच्या खाचरात, तिच्या वेळेला. लिहिलेलं तपासणाऱ्या कंपायलरला नानांसारखं बांधावर बसून हसता येत नाही, म्हणून तो लाल होतो. बिचारा इतकी वर्षं मला तेच सांगत होता, आणि मी त्याला घाबरत होते.

मग ते एकच का, हेही माझं मलाच सुटत गेलं, वर जागेवर येऊन बसल्यावर, संध्याकाळी स्कूटरवर, मुंबई नाक्याच्या सिग्नलला. नाना फक्त 'कोण' एवढंच विचारत, कारण त्या दिवसाचं काम एक. त्यांनी जर आवणीला एक आणि औताला एक असं मागितलं असतं, तर राजू म्हणून भागलं नसतं. कुठल्या कामाला राजू, हे सांगावं लागलं असतं. काम एक असलं की नाव पुरतं. त्यांना राजू आला काय, आई आली काय, सारखंच. रोप हातात घेऊन चिखलात उभं करता आलं पाहिजे, बास. घरात त्या माणसाला कोणत्या नावाने हाक मारतात याच्याशी कराराचं देणंघेणं नाही. आणि पुस्तकात लिहिलेलं असतं की अशा करारात आधीच भरलेली कामं कितीही असली तरी चालतात, ते मला कधी पटलं नव्हतं, मग एकच कसं म्हणता? पण दुपारची भाकरी आणि चहा अक्काबाईंचाच असे. तो घरोघर जाऊन कुणी मागत नसे, तो त्या आवणीसोबत आलेलाच. जे मागायचं राहिलं तेवढंच मोजायचं. सिग्नल सुटला आणि मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला तरी मी उभीच होते. "मॅडम, ग्रीन बघायला आलात का?" तो म्हणाला. मी त्याला हसून हात केला, आणि तो आणखीच गोंधळला.

शुक्रवार मी हवेत काढला. हे लिहायला संकोच वाटतो, पण खरं आहे. जे जे समोर येईल ते ते मला करार वाटू लागलं. पेट्रोल पंपावरचा माणूस फक्त टाकीचं झाकण उघडं बघतो, गाडी कुणाची ते बघत नाही. पाथर्डी फाट्यावरचा इस्त्रीवाला कपडा घेतो आणि कपडाच देतो, पण वेगळा होऊन. आमचे सावळीरामकाका, बाबांचे चुलतभाऊ, त्यांच्याकडे काहीही द्या, परत काही येत नाही, जावात त्यांच्यासाठी कन्झ्युमर नावाचा करार तयारच आहे. आणि आई सप्लायर, तिला काही द्यावं लागत नाही आणि पिशवी भरून येते. मी एकटीच हसत होते. एवढी वर्षं परकी वाटणारी भाषा माझ्या घरची माणसं ओळखत होती. मला वाटायचं, ही सगळी मोठ्या शहरातल्या हुशार लोकांनी केलेली कारस्थानं आहेत आणि आपण मागच्या दाराने आत शिरलोय, पकडले जाईपर्यंत बसून घ्यायचं. आता वाटत होतं, हे कुणी सांगितलं असतं तर देवरामनानांनी ऐकून घेतलं असतं, आणि म्हणाले असते, मग आमी काय येगळं करतो? रात्री कधी नव्हे ती लगेच झोप लागली.

पण शनिवारी फळ्यासमोर उभी राहिले आणि तोंडातून व्याख्या निघाली. सवय. समोर सहा जण, मागे भिंतीला टेकून आल्हादसर. मी करार म्हटलं, एकच काम म्हटलं, बोट दाखवणं म्हटलं, आणि पाहता पाहता सगळ्यांचे डोळे पॉलिटेक्निकमधल्या व्याख्येच्या तासाचे झाले. यशश्रीने हात वर केला. "सविता, ते ठीक आहे. पण पुढे कंस का नाही?" माझाच प्रश्न, माझ्याच आवाजात विचारल्यासारखा. उत्तर मला येत होतं, आणि पुस्तकी शब्दांत देताही आलं असतं, दोन मिनिटांत, सगळ्यांनी मान डोलावली असती. पण ते त्यांना कळलं नसतं, आणि ते कळलं नाही हे मला कळलं असतं. दुसरं उत्तर द्यायचं तर घोटीच्या पुढचे आठ किलोमीटर या खोलीत आणायला हवे होते. हातातल्या पेनचं टोपण मी तीनदा लावलं आणि काढलं. सरांनी घड्याळाकडे पाहिलं.

"मी अकरा वर्षांची असताना," मी म्हणाले, "आमच्या वाडीत एका माणसाच्या खाचरात न सांगता भात लावून आले."

मग सांगतच गेले. सावड सांगितली, मुठी सांगितल्या, फ्रॉक खोचला ते सांगितलं. नानांचं वाक्य नानांच्याच बोलीत सांगितलं, जी बोली मी ऑफिसात कधी काढली नव्हती, आणि खोली हसली. मी त्या हसण्याला वीस वर्षं भ्याले होते, आणि ते आलं तर त्यात मीही होते. यशश्री डोळे पुसत म्हणाली, "अगं, आमच्याकडे हेच. यजमानांचा फोन आला की बाबा नुसतं सांगतात, वेणीमाधवकाका येतील. मंत्र कोणते म्हणणार ते फोनवर म्हणून दाखवत नाहीत." मी म्हटलं, "आणि काकांनी फोनवरच सगळा विधी उरकला तर?" ती म्हणाली, "तर यजमान घाटावर जाऊन करणार काय?" तिने वहीत लिहिलेला कंस स्वतःच खोडला. भिंतीजवळून सरांनी विचारलं, "आणि तुझ्या नानांना दोन कामांना माणसं हवी असती तर?" मी म्हणाले, "तर नुसत्या नावाने भागलं नसतं, सर. म्हणून एकच." सरांनी मोबाईल काढला आणि ते बाहेर गेले.

सगळे चहाला उठले. मी फळा पुसत राहिले, पुसून झालेला फळा पुन्हा पुसला. सर तसेच बाहेर गेले याचे मी दहा अर्थ लावले, त्यांतले नऊ वाईट. मग त्यांनी केबिनमधून हाताने खूण केली. दार उघडं होतं, ते फोनवर होते, पलीकडे मोहिनीमॅडम असाव्यात, कारण सर उभं राहून बोलत होते. आजवर सरांनी माझं नाव कुणाला सांगितलं की त्याच्यामागे शेपूट असायचं. सविता, म्हणजे खूप कष्टाळू आहे, सांभाळून घ्या, शिकते आहे, मी असेनच सोबत. चार वाक्यं, प्रेमाने म्हटलेली, आणि प्रत्येक वाक्याला मी थोडी खाली जायची. मी दारात उभी राहिले. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"सोमवारी ना? हो, दहाला," सर म्हणाले. "सविता."

मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. सरांनी फोन ठेवला.